उद्या येताना आणणे

रात्रीचे नऊ सत्तेचाळीस. ओटा आवरून झालाय, सकाळच्या डब्याची भेंडी धुऊन फडक्यावर पसरलीय, पोरगं अर्धवट झोपेत दात घासतंय. आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो : ‘उद्या येताना परिसर अभ्यासाचा प्रकल्प आणणे. विषय – सूर्यमाला. साहित्य – थर्माकोलचे गोळे, ग्लिटर, चार्ट. मुलांनी स्वतः करणे.’ त्याखाली दोन मिनिटांत वीस-पंचवीस अंगठे, चार ‘ओके मॅम’, एक जोडलेले हात. एकाचीही टाप नाही विचारायची, की मॅडम, स्टेशनरीवाल्याने शटर ओढलं, आता सूर्य कुठून आणायचा?

हे ‘आणणे’, ‘करणे’, ‘पाठवणे’ म्हणजे मराठीतली सर्वांत उद्दाम क्रियापदं आहेत. वाक्यात कर्ताच नाही! कोणी आणायचं, कुठून, किती वाजता, कामावरून आल्यावर की निजानीज झाल्यावर, कशाचा पत्ता नाही. कर्ता अर्थात ठरलेला असतो. बहुतेक घरांत ती आई असते, आणि बाबा मधूनच ‘कात्री कुठाय?’ एवढं विचारायला उगवतात. ‘मुलांनी स्वतः’ हे शब्द कोणाला उद्देशून आहेत हे पाठवणाऱ्यालाही माहीत असतं आणि वाचणाऱ्यालाही.

बरं, यादी तरी धड असावी? ‘चार्ट’ म्हणजे काय? चार्ट पेपर वेगळा, कार्डशीट वेगळी. २२ बाय २८ इंचांचा चार्ट पेपर पातळ असतो. त्यावर गोळे, मणी, काड्या काहीही चिकटवलं की उभा धरल्यावर तो कमरेत वाकतो. वजन पेलायचं असेल तर जाड कार्डशीट लागते, नाहीतर मागून पुठ्ठा. यादीत चार्ट लिहायचं आणि वर्गात ‘हा का असा लोंबतोय?’ म्हणून पोराला झापायचं, हा कुठला न्याय? त्यात दुकानदार तो गुंडाळी करून रबर लावून देतो. घरी आणून सपाट केला की पुन्हा गोल. उलट्या बाजूने गुंडाळून रात्रभर गादीखाली दाबला तर सकाळी सरळ होतो. पण रात्रभर गादीखाली ठेवायचा तर त्यावर सूर्यमाला काढायची कधी?

आता थर्माकोल. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली. गणपतीची मखरं गेली, लोक पुठ्ठ्यावर आणि कापडावर आले. प्रत्यक्ष बाप्पाला जे चालत नाही ते तिसरीतल्या सूर्याला कसं चालतं? आणि ज्या वर्गात प्रदूषणाचा धडा शिकवतात, त्याच वर्गाच्या खिडकीत पस्तीस थर्माकोलचे सूर्य ओळीने मांडून ठेवतात!

बंदी बाजूला ठेवा, हा पदार्थच लहान मुलांनी रात्री दहाला हाताळायचा नाही. कापायला घेतला की दाणे सुटतात. ते केसांना, पायजम्याला, मांजराला चिकटतात आणि केरसुणीला भीक घालत नाहीत. ओल्या फडक्यानेच उचलावे लागतात. मग चिकटवणं. साधा पांढरा फेविकॉल त्यातलं पाणी उडालं की धरतो. लाकूड, कागद, पुठ्ठा ते पाणी पितात. थर्माकोल थेंबही पीत नाही. दोन थर्माकोलच्या मध्ये लावलेला फेविकॉल आत कोंडला जातो आणि सकाळी सहाला हात लावला की गुरू घसरून शनीवर बसतो. घाई म्हणून कोणी चपलेला लावतात ते पिवळं सोल्यूशन काढतं. त्यातला द्रावक थर्माकोल चक्क खातो, बघता बघता खड्डा पडतो. सोनेरी स्प्रे मारला तरी तेच, सूर्याला देवीचे व्रण उठतात. गरम ग्लू गन थेट टेकवली की भोक. सुटसुटीत उपाय एकच : टूथपिकचे तुकडे दोन्ही गोळ्यांत खुपसायचे आणि जोडापुरता फेविकॉल लावायचा. रंग पोस्टर कलरचा, त्यात थोडा फेविकॉल कालवून, नाहीतर तो थर्माकोलवर धरत नाही, थेंबथेंब होऊन ओघळतो. आणि स्प्रेच मारायची हौस असेल तर आधी फेविकॉलपाण्याचा हात देऊन पूर्ण वाळू द्यायचा. हे कोणी सांगतं का? नाही. यादीत फक्त ‘ग्लिटर’.

ग्लिटरबद्दल तर बोलूच नये. बाकी कचरा निदान दिसतो तरी. ग्लिटर पुढच्या संक्रांतीपर्यंत आमटीत सापडतं.

एवढं करून पोराला कळतं काय? पृथ्वी एक सेंटिमीटरचा मणी धरली तर सूर्य साधारण १०९ सेंटिमीटरचा हवा, म्हणजे तिसरीतल्या मुलाच्या खांद्याला लागेल असा. गुरू अकरा सेंटिमीटरचा. आणि तो मणी सूर्यापासून जवळजवळ ११७ मीटर लांब ठेवायला हवा, म्हणजे बहुतेक शाळांच्या गेटाबाहेर. ही गंमत दाखवायला एक मणी, एक मोठी दोरी आणि मैदान पुरतं. खर्च शून्य, वेळ एक तास, आणि पोरं जन्मात विसरणार नाहीत. पण नाही. आपल्याला टेनिसच्या चेंडूएवढा सूर्य, लिंबाएवढी पृथ्वी आणि त्यांच्यात चार बोटांचं अंतर हवं. आणि गुण कशाला? शनीच्या कड्याला टिकल्या लावल्या होत्या म्हणून.

वरच्या इयत्तांत हा छळ ‘वर्किंग मॉडेल’ नावाने येतो. उदाहरणार्थ, सिरिंजवर चालणारा जेसीबी. वहीत आकृती काढायला सोपा. घरी मात्र दहा मिलिलिटरच्या सिरिंजांची एकेक जोडी, मध्ये सलाइनची नळी, आत रंगीत पाणी. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला की संपलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे दट्ट्या ढकलला तरी समोरचा हात हलतच नाही आणि मग अचानक टुणकन उडतो. त्यासाठी सिरिंज आणि नळी दोन्ही बादलीत बुडवून, पाण्याखालीच जोडायची. पुठ्ठा कापताना आतल्या नाळ्या हाताच्या लांबीला धरून कापायच्या. आडव्या कापल्या की जेसीबीचा हात पहिल्याच वजनाला कोपरात मोडतो. किंवा ते ‘दिवा लागणारं घर’. एलईडीला नऊ व्होल्टची बॅटरी थेट जोडली की तो झप्पकन एकदा उजळतो आणि कायमचा विझतो. मध्ये ३३० किंवा ४७० ओहमचा रेझिस्टर हवा, किंवा सरळ तीन व्होल्टचा नाण्यासारखा सेल, लांब पाय अधिकला. हे खरं तर शिकण्यासारखं आहे, मजेचंही आहे. पण शिकायला दोनदा चुकावं लागतं, आणि चुकायला वेळ लागतो. रात्री सव्वाअकराला रेझिस्टर कुठे मिळतो, ते सांगा आधी.

वेळेचा हिशोब या लोकांना येत नाही हेच खरं दुखणं. कागदाच्या लगद्याचा ज्वालामुखी? मैद्याची खळ शिजवायला दहा मिनिटं, पण एकेक थर वाळायला रात्र, आणि थर किमान तीन. शाडूचं काही करायचं तर दोन-तीन दिवस सावलीत. उन्हात ठेवलं की तडे. जुलैच्या दमट हवेत यात दुप्पट धरा. हे सगळं ‘उद्या येताना’मध्ये कसं बसवायचं? बसत नाही. म्हणूनच शाळेच्या जवळच्या दुकानांत आयती सूर्यमाला लटकलेली असते, पारदर्शक पिशवीत, ज्वालामुखीच्या शेजारी. दुकानदाराला इयत्ता सांगितली की विषय तोच सांगतो. त्याला वर्षाचं वेळापत्रक पाठ असतं, पालकांना मात्र आदल्या रात्री कळतं!

मग सकाळ. ते धूड घेऊन पोराने जायचं कसं? व्हॅनमध्ये दप्तरंच मांडीवर असतात. पावसाचे दिवस असले तर मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, तोंड खाली करून, व्हॅनवाल्या काकांना ‘काका, जरा सांभाळून हां’ असं विनवत. काका बिचारे बारा पोरं सांभाळतात, त्यात नेपच्यून कुठे सांभाळणार? शाळेच्या दारात पोचेपर्यंत एक ग्रह गेलेलाच असतो.

आणि तिथे लागते ती स्पर्धा. एका बाजूला पोराने खरंच स्वतः केलेला, वाकडातिकडा, ‘पृथ्वि’ असं लिहिलेला चार्ट. दुसऱ्या बाजूला कोणाच्या तरी आर्किटेक्ट काकाने लेझरने कापून आणलेली, मोटरवर फिरणारी सूर्यमाला. पुढच्या टेबलावर कोणती ठेवतात? पाहुणे येणार असतात ना! वाकडा चार्ट जातो मागच्या भिंतीला. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० मध्ये आलं, तेव्हा आकारिक, म्हणजे वर्षभर शिकता शिकता करायच्या मूल्यमापनासाठी आठ साधनं दिली होती : निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय, आणि इतर. म्हणजे पोराला बोलतं करा, त्याचं काम बघा, ते काय करतंय ते टिपून ठेवा. त्या आठांतला प्रकल्प तेवढा उचलला, कारण तो घरी ढकलता येतो. मूल्यमापन होतं ते आईच्या फेविकॉलचं.

पालकही कमी नाहीत हो. ‘आमच्या शौर्यने सगळं स्वतः केलं’ म्हणून ग्रुपवर फोटो टाकायचा. शौर्य आठ वर्षांचा, आणि अक्षर बघावं तर छापल्यासारखं. त्या फोटोपायी बाकीच्या तीस घरांत रात्री पुन्हा कात्री निघते. शाळेने मागितलं एक, आपण देतो तीन, मग पुढच्या वेळी शाळा चार मागते. खतपाणी आपलंच.

पोरांना करता येत नाही असं म्हणाल तर दिवाळीच्या सुट्टीत कुठल्याही वाड्यात नाहीतर सोसायटीत खाली उतरून बघा. हीच तिसरी-चौथीची पोरं किल्ला करतात. फुटक्या विटा, दगड, मोडकी कुंडी रचून डोंगराचा आकार, त्यावर चिखलात बुचकळलेलं गोणपाट, वरून माती थापून कडे. अळीव नाहीतर मोहरी पेरायची, रोज पाणी शिंपडायचं, चार-पाच दिवसांत तटाखाली हिरवळ. अळीव सगळीकडे सारखे न टाकता डोंगराच्या पायथ्याशी टाकायचे हे त्यांना कोणी शिकवत नाही. पहिल्या वर्षी बुरुजावर गवत उगवतं, दुसऱ्या वर्षी पोरं सुधारतात. कोणी सलाइनची नळी लावून कारंजं करतं, पाण्याचा डबा किती उंच ठेवायचा ते भांडून ठरवतं. दरवाजा कोसळतो, पुन्हा बांधतात. गुण नाहीत, ग्रुप नाही, ‘साहित्य’ नाही. आई-बापाने बोट लावलं तरी खपत नाही. तिथे वाक्यात कर्ता असतो : आम्ही किल्ला केला.

मागणं फार मोठं नाहीये. आठ दिवस आधी सांगा, मध्ये एक रविवार येईल असं. वहीत लिहून द्या, रात्री ग्रुपवर नको. विषय द्या, साहित्य देऊ नका. घरात रद्दी असते, खोकी असतात, बाटल्यांची झाकणं असतात. ग्रहच हवे असतील तर दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, लागेल तसं पाऊण ते एक वाटी पाणी, घट्ट मळायचं आणि गोळे करायचे. मीठ कमी केलं तर बुरशी येते, पाणी जास्त झालं तर गोळा बसतो, आणि आतून नीट वाळायला चार-पाच दिवस लागतात, म्हणूनच आठ दिवस म्हटलं. सगळ्यांत उत्तम म्हणजे वर्गातच सलग दोन तास द्या आणि जे होईल ते होऊ द्या. बाईंच्या देखत केलं की कोणी केलं हा प्रश्नच उरत नाही.

यातलं काही होणार नाही, माहितीये. उलट होतं ते असं : साडेदहाला कुठल्या तरी ताईंच्या घरी जुने चार गोळे सापडतात, सायकलवर जाऊन आणले जातात. पोरगं सोफ्यावर झोपलंय, त्याच्या बोटांवर फेविकॉलचे पापुद्रे आलेत. अकरा दहाला सूर्य एकदाचा चिकटतो. अकरा बाराला फोन वाजतो. ‘महत्त्वाचे – प्रकल्पात थर्माकोल वापरू नये.’ आणि खाली लगेच अंगठे.