वरणाचं रिग्रेशन

इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे आकडे लावून अर्थशास्त्र तपासायचा विषय, कम्पल्सरी आहे हे मला एमएला अ‍ॅडमिशन घेताना माहीत होतं, पण आपण सगळे एक दिवस जाणार आहोत हे जसं माहीत असतं ना, तसं. बीए मी तालुक्याच्या कॉलेजातनं मराठी माध्यमातनं केलं, तिथे ह्याला अर्थमिती म्हणायचे आणि ते ऑप्शनला टाकायचे. आमचे सर स्वतःच टाकायचे. त्यामुळे पुण्यात आल्यावर पहिल्या लेक्चरला मॅडमनी फळ्यावर वाय इज इक्वल टू बीटा झीरो प्लस बीटा वन एक्स प्लस यू एवढं लिहिलं आणि "हे तर तुम्हाला येतंच" म्हणाल्या तेव्हा मी पण सगळ्यांबरोबर मान हलवली, आणि ती हलवलेली मान पुढचे चार महिने महागात पडली.

लेक्चर मंगळवार आणि गुरुवार, दुपारी बारा ते दीड. ही वेळ लक्षात ठेवा.

पहिले दोन आठवडे मी नुसता शब्दांशी झटापट करत होतो. हेटेरोस्केडॅस्टिसिटी हा शब्द मी आरशासमोर उभा राहून पाठ केलाय, रूममेट बाथरूममधनं ओरडायचा, "अरे औषध घेतलंस का त्याच्यावर?" मॅडम एकदा "सो इट इज ब्लू" म्हणाल्या तर मी फळ्यावर निळं काय आहे ते शोधत बसलो, आणि मार्कर तर काळा होता. नंतर कळलं की बेस्ट लिनियर अनबायस्ड एस्टिमेटर ह्याचं ते लाडाचं नाव आहे. फळ्यावरच्या त्या वाय-एक्सच्या हिशोबाला रिग्रेशन म्हणतात, त्या शब्दाची गोष्ट मात्र आवडली. गाल्टन नावाच्या इंग्रज माणसाने १८८६ साली आईबापांच्या आणि मुलांच्या उंच्या मोजल्याचा पेपर छापला, त्यात असं निघालं की उंच आईबापांची पोरं उंच असतात पण त्यांच्याइतकी नाही, थोडी सरासरीकडे सरकतात, ते सरकणं म्हणजे रिग्रेशन. आमचे बाबा पाच फूट अकरा, मी पाच फूट साडेपाच. मी सरासरीपाशी थांबलो नाही, ब्रेक फेल झाल्यासारखा तसाच पुढे खाली गेलो.

पण खरा गोंधळ त्या शेवटच्या यूचा. वाय म्हणजे जे समजून घ्यायचंय ते, एक्स म्हणजे ज्याच्यामुळे होतं ते, मग यू काय? मॅडम म्हणाल्या, "उरलेलं सगळं." हे मला माझ्या पद्धतीने असं समजलं की यू म्हणजे घरातला माळा. जुनी सायकल, आजीची ट्रंक, तुटका पाळणा, जे कुठेच बसत नाही पण टाकवतही नाही ते माळ्यावर. अट एकच, माळ्यावरच्या सामानाचा खाली मांडलेल्या सामानाशी काही संबंध नसावा. संबंध असला तर खालचा हिशोब पण चुकतो. परीक्षेत मी हे असंच्या असं लिहिलं असतं पण माळ्याला इंग्रजी शब्द आठवला नाही.

मग आला प्रोजेक्ट. दोघादोघांचा ग्रुप, डेटा स्वतः गोळा करायचा, २५ मार्क. वर्गातल्या हुशार मंडळींनी सरकारी आकडे डाऊनलोड केले, एकाने जीडीपी आणि मोबाईलची संख्या घेतली आणि आर स्क्वेअर (एक्सवरनं वायचा किती भाग समजला ते एकपैकी सांगणारा आकडा) ०.९८ आला म्हणून कँटीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला. मॅडमनी त्याला शांतपणे सांगितलं की बाळ, वर्षागणिक वाढत जाणाऱ्या कुठल्याही दोन गोष्टी घेतल्या तरी असंच येतं, ग्रेंजर आणि न्यूबोल्ड ह्यांनी हे १९७४ सालीच दाखवून ठेवलंय. चहाचे पैसे परत मिळाले नाहीत.

मी आणि रूममेट एका ग्रुपमध्ये, आम्ही म्हटलं आपण जमिनीवरचा विषय घेऊ. आमचा विषय: मेसचं वरण कोणत्या दिवशी पातळ असतं आणि का. सदाशिव पेठेत जी मेस लावलेली तिथलं वरण हा आमच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा अनसुटलेला प्रश्न होता. काही दिवशी ते वरण असायचं आणि काही दिवशी नुसती बातमी. आता घट्टपणा मोजायचा कसा? ह्यावर आम्ही दोन रात्री घालवल्या. शेवटी रूममेटने पद्धत काढली, ताटाच्या एका कडेखाली काड्यापेटी आडवी ठेवायची म्हणजे ताट कलतं, वरच्या टोकाला वाटीभर वरण ओतायचं आणि ते खालच्या टोकाच्या लोणच्याला टेकेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोबाईलवर मोजायचं. चांगलं वरण नऊ-दहा सेकंद घ्यायचं. वाईट वरण तीन सेकंदात पोचायचं आणि लोणचं घेऊन पुढे जायचं. मग त्या कलत्या ताटातच भात कालवून जेवायचं, ४२ दिवस, दुपारचं जेवण, एक दिवस चुकवला नाही. इतक्या शिस्तीने मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही.

एक्स म्हणून घेतलं काय तर महिन्याची तारीख, वाण्याकडचा तूरडाळीचा भाव, मेसवाल्या काकूंच्या वहीतल्या टिका मोजून जेवायला आलेली माणसं, आणि आठवड्याचे वार. वारांसाठी डमी टाकायचे असतात, म्हणजे सोमवार असेल तर एक नाहीतर शून्य, असं. आम्ही उत्साहाने साती वारांचे सात डमी टाकले आणि रात्री दीड वाजता आर सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबलं तर रविवारपुढे एनए, म्हणजे उत्तरच नाही. फीस्टचा वार, सगळ्या आठवड्याचा आधार, आणि तोच गायब! रूममेटने तीनदा परत चालवलं, लॅपटॉप बंद करून चालू केला, शेवटी एका सीनियरला फोन लावला, तो झोपेत म्हणाला, "डमी व्हेरिएबल ट्रॅप. सहा वार सांगितल्यावर सातवा कुठला हे वेगळं सांगावं लागतं का रे? झोपा." म्हणजे एक वार काढून टाकायचा आणि बाकीचे सहा त्याच्या तुलनेत वाचायचे. रविवारच्या तुलनेत बाकीचे वार वाईट, हे सांगायला सॉफ्टवेअर कशाला हवं हे मला अजून कळलेलं नाही.

त्यात एकोणतिसाव्या दिवशी काकूंनी पकडलं. मी काड्यापेटी सरकवत होतो, रूममेट मोबाईल धरून "तीन, चार" मोजत होता, आणि मागे काकू. काही क्षण कोणी बोललं नाही. मग त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "तुम्ही अन्न खात्यातले आहात का?" आम्ही कॉलेजचा प्रोजेक्ट आहे वगैरे सांगितलं, ओळखपत्र दाखवलं, त्या हो हो म्हणाल्या पण विश्वास काही बसला नाही. दुसऱ्या दिवशी वरणाने लोणच्यापर्यंत यायला एकवीस सेकंद घेतले. तिसऱ्या दिवशी ते निघालंच नाही. वर तूप होतं, हिंग-जिऱ्याची फोडणी होती, शेजारच्या टेबलावरच्या स्पर्धा परीक्षावाल्या पोरांनी उठून आमचे आभार मानले, आणि आमचा डेटा मेला.

मरू दे म्हणावं तर नाही, ह्याच्यावर पण एक टेस्ट आहे! चाऊ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६० साली काढली, मध्येच एखाद्या दिवसापासून सगळं गणितच बदललं का ते तपासायची. आम्ही २९ वा दिवस बदलाचा दिवस म्हणून टाकून चाऊ टेस्ट लावली आणि पी व्हॅल्यूमध्ये (काहीच बदललं नसतं तर असे आकडे येण्याची जी शक्यता, तिच्यात) दशांश चिन्हानंतर इतके शून्य आले की मोजताना रूममेटची भूक चाळवली. पेपरात आम्ही त्याला "धोरणातील बदल" असं भारदस्त नाव दिलं.

बाकीचे आजार पण निघालेच. सुरुवातीच्या तारखांना वरणाचा फार फरक नसायचा आणि महिनाअखेरीला कधी वर कधी खाली, चित्र काढलं तर लग्नातल्या लाऊडस्पीकरच्या कर्ण्यासारखं दिसतं, म्हणजे तेच ते आरशासमोर पाठ केलेलं हेटेरोस्केडॅस्टिसिटी, चढउतार सगळीकडे सारखा नसणं. डर्बिन-वॉटसनचा आकडा दोनच्या आसपास यावा लागतो, आमचा आला १.०४, म्हणजे आजचं वरण कालच्या वरणावर अवलंबून आहे. इथे मात्र आम्हाला पुस्तकाची गरज लागली नाही. कालचं उरलेलं आजच्यात घालतात हे आख्ख्या मेसला माहीत होतं.

आणि एक निकाल ठसठशीत आला. मंगळवार आणि गुरुवार. ह्या दोन दिवशी वरण साधारण चार सेकंदांनी जास्त पळायचं, टी व्हॅल्यू दणदणीत, म्हणजे फरक नुसता योगायोगाचा वाटत नाही. (ही टी टेस्ट गॉसेट नावाच्या माणसाने काढली, तो डब्लिनला गिनेसच्या बिअर कारखान्यात नोकरीला होता आणि कंपनी स्वतःच्या नावाने छापू देत नव्हती म्हणून १९०८ साली त्याने "स्टुडंट" नावाने छापली. बिअरवाल्याची टेस्ट आम्ही वरणाला लावली ह्याचा रूममेटला फार आनंद.) आता मंगळवार-गुरुवारच का? उपास! मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा. पण मग त्या दिवशी माणसं कमी, म्हणजे वरण घट्ट हवं ना? चिन्ह उलटं येत होतं. तरी आम्ही मागे हटलो नाही, उपासाच्या दिवशी स्वयंपाकघराचं सगळं लक्ष साबुदाण्याकडे जातं आणि वरणाकडे दुर्लक्ष होतं अशी थिअरी मांडून त्यावर अडीच पानं लिहिली. अजून वाचली की अंगावर काटा येतो.

मॅडमनी १६ मार्क दिले. त्या अडीच पानांवर मोठी लाल फुली, आणि समासात एकच प्रश्न: तुम्ही जेवायला किती वाजता जाता?

आम्हाला काही कळेना. तसेच मेसमध्ये गेलो, गुरुवार होता, दोन वाजून गेलेले, टेबलं पुसून चालली होती. वाढता वाढता काकूंनी विचारलं, झाला का तुमचा तो प्रोजेक्ट, काय निघालं त्यात? रूममेटने थोडं घाबरतच सांगितलं की मंगळवारी आणि गुरुवारी वरण पातळ असतं असं निघालं.

"मग असणारच," काकू म्हणाल्या. "बाकीच्या दिवशी साडेबाराला येता तुम्ही. ह्या दोन दिवशी दोन वाजता उगवता. तोवर दोनदा पाणी घालून झालेलं असतं. कुठे असता काय एवढा वेळ?"

मी रूममेटकडे बघितलं. तो ताटाकडे बघत होता. ४२ दिवस आम्ही डाळीचा भाव लिहिला, टिका मोजल्या, गणपतीला आणि दत्ताला मध्ये ओढलं, आणि माळ्यावर बसली होती स्वतः इकॉनोमेट्रिक्स.

"तास असतो काकू."

"कसला?"

"इकॉनोमेट्रिक्स."

"मग पुढच्या सहामाहीला तरी सुटाल ना त्यातनं?"

"नाही," रूममेट म्हणाला, "पुढच्याला अ‍ॅडव्हान्स्ड आहे. वेळ तीच."

काकूंनी एकदा आमच्याकडे बघितलं, पातेलं थोडं कलतं केलं आणि पळी पार तळापर्यंत घातली.