'एकही उंदीर मेला नाही', म्हणजे नेमकं काय?

परवा मावशीने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "या कॅप्सूल सुरू करू का रे?" त्यातला दावा असा: औषधी पानांचा अर्क प्रयोगशाळेत तपासला, एकही उंदीर मेला नाही, म्हणजे तो शंभर टक्के सुरक्षित. लोक हजारो वर्षं ही पानं खातायत. आणि नैसर्गिक असल्यामुळे जास्त झालं तरी शरीर बाहेर टाकतं. सगळ्या ग्रुपवर हेच फिरतंय, म्हणून एकदाच लिहितो.

आधी उंदीर. या चाचणीची पद्धत ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संस्थेने ठरवून दिलीय. वजनाच्या दर किलोला 2000 मिलिग्रॅम अर्क नळीने एकदाच पोटात सोडायचा आणि 14 दिवस लक्ष ठेवायचं. पाच उंदरांत काम भागतं. यातून कळतं ते इतकंच, की एका दमात भरपूर घेतलं तर प्राणी दगावतो का. रोज, महिनोन्‌महिने घेतल्यावर यकृताचं काय होईल, हा प्रश्न इथे कुणी विचारलेलाच नसतो! त्यासाठी 90 दिवस रोज डोस द्यायचा, रक्त तपासायचं, शेवटी यकृत-मूत्रपिंडाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. जनुकांना इजा होते का, याची चाचणी आणखी निराळी. फॉरवर्डमध्ये यातल्या कशाचाच पत्ता नाही.

'शरीर बाहेर टाकतं' हा तर कहर आहे. कॉम्फ्री या औषधी वनस्पतीच्या पानांत पायरोलिझिडिन अल्कलॉइड नावाची नैसर्गिक रसायनं असतात. त्यांची विल्हेवाट लावायला जाताना यकृतच त्यांचं विष करून ठेवतं आणि यकृतातल्या बारीक शिरा बुजतात. ही वनस्पतीही शतकानुशतकं वापरातलीच. तरी 2001 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेने, ती पोटात घ्यायच्या पूरक उत्पादनांतून काढायला सांगितली. पान खाऊन लगेच उलटी झाली तर लोक ते सोडतात. काही महिन्यांनी कावीळ झाली तर पानावर संशय कोण घेणार?

आणखी एक दावा नेहमी ऐकू येतो: अर्काने प्रयोगशाळेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी मरतात म्हणे. ब्लीचनेही मरतात. पुढे.

साध्या वापरात बरीच पानं निरुपद्रवी असतात, हे मान्य करावंच लागेल. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये ग्रीन टीबद्दल हेच म्हटलं: पाण्यात उकळून प्यायलेला चहा साधारणपणे सुरक्षित. पण पूरक गोळ्यांतून रोज 800 मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीच्या पानांतलं एक संयुग) पोटात गेलं, तिथे रक्तात यकृताची एन्झाइम्स वाढलेली आढळली, म्हणजे यकृताला इजा होत असल्याची खूण. पान एकच. डबीवर नुसतं 'पानांचा अर्क' छापलेलं असेल, कोणतं संयुग किती मिलिग्रॅम याचा उल्लेख नसेल, तर ती चहाच्या बाजूची की 800च्या, हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही.