‘दर्यावर्दी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की शाश्वत मासेमारीच्या नावाने परदेशातून येणाऱ्या अटींचा भार शेवटी सगळ्यांत लहान मच्छीमारावर पडतो. त्यावर ‘दर्यावर्दी’ या टोपणनावाने प्रतिक्रिया आली: ‘सोलापुरात बसून समुद्राच्या गप्पा कशाला? तुम्ही मासा ताटातच पाहिला असणार. कासवं वाचवायला अमेरिकेने २०१९ मध्ये आपली समुद्री कोळंबी बंद केली, त्यात चूक काय? कासवं सुटायची ती जाळी काही महाग नाही. आणि तळ्यातली कोळंबी तर आजही जाते.’

मतभेद जरूर असावेत, पण ही बोलायची रीत नव्हे. ‘ताटातच’ म्हणे!

आमचं घर उजनी धरणाच्या पाण्यावर चाललं. वडील पहाटे जाळी काढून आले की कटला, रोहू, चिलापी निवडायचं काम आम्हा पोरांचं. चिलापीच्या पाठीचा काटा बोटात गेला की शाळेत पेन धरवत नसे. मग माल भिगवणला लिलावाला. तिथे आडतदार भाव पाडायचा तेव्हा वडिलांचा चेहरा कसा व्हायचा, हे मी ताटात पाहिलेलं नाही.

मासा संपतो कसा, तेही तिथेच कळलं. वडाप, म्हणजे अगदी बारीक छिद्रांचं ओढजाळं, ओढणारे बोटाएवढी पिल्लंसुद्धा खरवडून न्यायचे आणि पुढे आमच्या जाळ्यात काही लागायचं नाही. वडाप बंद करा म्हणून ओरडणारे आमचेच लोक होते. कारवाई झाली की जाळी मात्र लहान होडीवाल्याची जप्त व्हायची, वडापवाला दोन दिवसांनी पुन्हा पाण्यात. नियम हवाच, पण तो कोणावर चालतो हे विचारायला समुद्रकिनारी जन्मावं लागत नाही.

कासवं सुटावीत म्हणून जाळीला लावायचं साधन फार महाग नाही, हे मान्य. पण प्रश्न किमतीचा नव्हताच. ज्या अमेरिकन कायद्याने असं साधन न वापरणाऱ्यांची कोळंबी बंद होते, त्याच कायद्याविरुद्ध भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेत गेले होते. १९९८ मध्ये अपील मंडळाने कासवं वाचवण्याचा हेतू योग्य मानला, पण राबवण्याची पद्धत भेदभावाची ठरवली. कॅरिबियन भागातल्या देशांना तयारीसाठी ३ वर्षं मिळाली होती, आपल्याला ४ महिने. हे लेखात होतं. आपण तिथवर वाचलंत का, अशी मला शंका आहे.

तळ्यातल्या कोळंबीचा मुद्दा वेगळा आहे, त्यात आत्ता शिरत नाही. कासवं मरावीत असं मी कुठे लिहिलंय, ते वाक्य दाखवा.

आणि पुढच्या वेळी स्वतःच्या नावाने लिहा. माझं नाव, गाव लेखाखाली छापलेलं असतं. वडील काय करत होते, तेही आता सांगितलं.