नाव मागे ठेवायचे असेल तर

दर्यावर्दी पेशात नाव कमावून ते गोव्याच्या नकाशावर कोरले जावे अशी आपली इच्छा असेल, तर पहिला सल्ला असा की गोव्यात फार दिवस राहू नका. वास्को द गामा 1498 साली गोव्याच्या दक्षिणेकडच्या अंजदीव बेटाला टेकून मायदेशी परतला, 1524 मध्ये व्हाइसरॉय होऊन गोव्यात उतरला आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला कोचीत वारला. एवढ्या हजेरीवर त्याला मुरगाव बंदराला लागून असलेले, ‘वास्को’ नावाचे अख्खे शहर मिळाले. जमल्यास पणतूही व्हाइसरॉय निघेल अशी तजवीज करावी. जुन्या गोव्यातली कमान वास्कोच्या पणतूनेच उभारली आणि तिच्या नदीकडच्या अंगाला पणजोबांचा पुतळा बसवला.

गोवा जिंकण्याच्या भानगडीत तर मुळीच पडू नये. पोर्तुगीज सेनानी आफोंसो द आल्बुकेर्कने 1510 मध्ये तो एकदा घेतला, गमावला, पुन्हा घेतला, आणि डिसेंबर 1515 मध्ये गोवा समोर दिसत असताना जहाजावरच प्राण सोडला. त्याच्या वाट्याला इथले शहर आले नाही. पोर्तुगालने एका युद्धनौकेला त्याचे नाव दिले खरे, पण 18 डिसेंबर 1961 रोजी, गोवामुक्तीच्या लढाईत, बेतवा आणि बियास या भारतीय फ्रिगेटींच्या माऱ्यापुढे ती बांबोळीच्या किनाऱ्यावर रुतली. तात्पर्य, जहाजाला आपले नाव देऊ देऊ नये. आपल्या नौदलाने फ्रिगेटींना नद्यांची नावे दिली, कारण जहाज मोडीत निघाले तरी नदीची अब्रू जात नाही. पुढे 18 डिसेंबरचाच मुहूर्त धरून 2022 मध्ये जी विनाशिका नौदलात दाखल झाली, तिलाही ‘मुरगाव’ हे बंदराचेच नाव मिळाले.

शाळेला आपले नाव मिळावे असा मोह असेल तर तोही आवरा. मुले आपल्या पदव्यांसकट नावाची दोन-तीन आद्याक्षरे करून टाकतील.

आणि नाव आटोपशीर ठेवा. पणजीच्या कदंब बसस्थानकावर शटल बसच्या तिकीट-खिडकीशी उभे राहून पाहा: राजाने ‘हिंदी समुद्राचा ॲडमिरल’ म्हणून गौरवलेला हा गृहस्थ तिथे दिवसभर ‘एक वास्को’, ‘दोन वास्को’ असा सुट्या पैशांत विकला जातो. त्याच अंजदीववर 1961 च्या त्याच 18 डिसेंबरला सात भारतीय नौसैनिक धारातीर्थी पडले. त्यांची नावे बसच्या पाटीवर मावणार नाहीत, आणि खिडकीवर सातही उच्चारून होईपर्यंत शटल सुटलेली असेल.