तापाच्या गोळ्यांचा तो मेसेज पुढे पाठवू नका

आपल्या मालवणच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय, पावसात सर्दी-ताप आला की अझिथ्रोमायसिन 500 या अँटिबायोटिकच्या 2 गोळ्या घ्या, बरं वाटलं की बंद करा, उरलेल्या पुढच्या वेळेला ठेवा. मीपण तो काल फॉरवर्ड केला होता, ती चूक झाली, माफ करा.

सर्दी-खोकला बहुतेक वेळा व्हायरसने होतो आणि अँटिबायोटिक मारतं फक्त बॅक्टेरियाला, म्हणजे ताप उतरतो तो आपोआपच, नाव मात्र गोळीचं होतं. उलट अंगात असलेले साधे जंतू मरतात, औषधाला दाद न देणारे उरतात, वाढतात आणि घरात दुसऱ्यालाही लागतात. औषध न लागू पडणाऱ्या अशा जंतूंमुळे जगात 2019 साली सुमारे 12.7 लाख माणसं गेली, असा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या अभ्यासाचा अंदाज आहे.

घरातली स्ट्रिप उलटी करून बघा, मागे उभी लाल रेघ असेल तर ती गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही.

आणि लावणीच्या चिखलात उतरणाऱ्यांनी तर अजिबात अंगावर काढू नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा चिखल-पाण्यातून लागणारा बॅक्टेरियाचाच आजार आहे, त्याला अँटिबायोटिक लागतंच, पण कुठलं आणि किती दिवस ते डॉक्टर तपासून ठरवतील. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, की लगेच आरोग्य केंद्र गाठा.

तो मेसेज जिथे टाकलात तिथून डिलीट करा, हा टाका.