लाटेकमधला तक्ता खरेच पळतो का?

सोलापुरात प्रबंध सादर करण्याचे दिवस जवळ आले की संशोधक विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर एक संदेश हटकून फिरू लागतो. ‘प्रबंध लाटेकमध्ये करा, पण तक्ते त्यात करू नका, तक्ता मनाला येईल त्या पानावर पळतो, समासाबाहेर जातो, मराठी नीट उमटत नाही, चौकटही धड आखता येत नाही, म्हणून तक्ता दुसरीकडे तयार करून त्याचे चित्र चिकटवा,’ असा त्याचा मथितार्थ आहे. लाटेक म्हणजे मजकुरात आज्ञा लिहून अक्षरजुळणी करून घेण्याची संगणकप्रणाली. दत्त चौकाजवळ मी प्रबंधांच्या अक्षरजुळणीचा व्यवसाय करतो. या सल्ल्यानुसार चिकटवलेली चित्रे काढून तिथे पुन्हा तक्ते घालण्याचे काम शेवटी माझ्याकडेच येते, त्यामुळे उत्तर देणे भाग आहे.

पळण्याचा आरोप सर्वांत मोठा, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करतो. लाटेकमध्ये ‘टॅब्युलर’ आणि ‘टेबल’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओळी आणि स्तंभ जुळवते ते टॅब्युलर, आणि ते एखाद्या मोठ्या अक्षरासारखे जिथे लिहिले तिथेच उमटते. टेबल हे त्याभोवतीचे तरंगते वेष्टन असून तक्त्याला शीर्षक व क्रमांक देणे आणि पानावर त्याच्यासाठी जागा शोधणे हे त्याचे काम आहे. तक्ता जागचा हलूच नये असे वाटत असेल, तर वेष्टन न घालता टॅब्युलर लिहावे. वेष्टन घातले, तर त्याचे नियम समजून घ्यावे लागतात.

विडी कामगार महिलांच्या सर्वेक्षणावरील एका प्रबंधात सहा तक्ते प्रकरणाच्या शेवटी एकावर एक साचले होते. पहिला तक्ता जवळजवळ पानभर होता आणि विद्यार्थिनीने जागेच्या सूचनेत फक्त ‘एच’, म्हणजे ‘इथेच’, एवढेच लिहिले होते. अशा वेळी लाटेक स्वतःहून त्यात ‘टी’ची, म्हणजे पानाच्या माथ्याची, भर घालते, परंतु माथ्यावरच्या तरंगत्या मजकुराने पानाचा ७० टक्क्यांहून अधिक भाग व्यापू नये असा मूळ नियम असल्याने तो तक्ता तिथेही बसेना. तक्त्यांचा क्रम बदलायचा नसतो, त्यामुळे मागचे पाचही त्याच्यामागे रांगेत अडकले. सूचनेत ‘पी’ हे एकच अक्षर वाढवल्यावर, म्हणजे स्वतंत्र पानाची परवानगी दिल्यावर, सगळी रांग सुटली. जाता जाता सांगतो, त्याच प्रबंधात क्रमांकाच्या उल्लेखासाठी खूण करणारी ‘लेबल’ची आज्ञा शीर्षक देणाऱ्या ‘कॅप्शन’च्या आधी लिहिलेली होती, त्यामुळे मजकुरात तक्त्याच्या क्रमांकाऐवजी उपप्रकरणाचा क्रमांक छापला जात होता. हा दोषही सहसा यंत्रणेच्याच माथी मारला जातो.

तक्ता समासाबाहेर जातो हे खरे आहे, पण ते आपण सांगितल्यामुळेच घडते. एल, सी आणि आर हे स्तंभ मजकूर डावीकडे, मध्यभागी किंवा उजवीकडे लावतात आणि ओळ कधीच मोडत नाहीत. लाटेक ज्यावर उभे आहे त्या डोनाल्ड क्नूथ यांच्या मूळ टेक प्रणालीतली तक्त्याची आज्ञा सगळ्या ओळी आधी वाचते, प्रत्येक स्तंभातला सर्वांत रुंद मजकूर शोधते आणि मगच रुंदी ठरवते. म्हणजे एका खणात लांबलचक वाक्य घातले, तर सगळा स्तंभ तेवढा फुगणारच. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कोणत्याही विणकराच्या मागावर ताणा चढवल्याशिवाय धोटा चालत नाही. इथेही स्तंभ आधी विचारपूर्वक ठरवावे लागतात. वाक्ये असलेल्या स्तंभाला एल, सी, आरऐवजी ‘पी’ लिहून (हा जागेच्या सूचनेतल्या ‘पी’हून वेगळा) रुंदी द्यावी, किंवा टॅब्युलरचाच ‘टॅब्युलरएक्स’ हा प्रकार वापरून उरलेली रुंदी वाटून घ्यावी. सबंध तक्ता दाबून पानात बसवण्याचा उपाय मात्र मला अजिबात पटत नाही, कारण त्याने प्रत्येक तक्त्यातल्या अक्षरांचा आकार वेगळा होतो आणि प्रबंध ठिगळ लावल्यासारखा दिसतो.

मराठी उमटत नाही, ही तक्रार एके काळी योग्य होती. जोनाथन क्यू यांचे झीटेक हे टेकचे नवे रूप २००४ साली आले, आणि त्यामुळे आता युनिकोड मजकूर आणि संगणकावरचे ओपनटाइप फाँट थेट वापरता येतात. मात्र अंकांबाबत एक अडचण खरी आहे. दशांशचिन्ह एका रेषेत आणणारे तयार स्तंभ 1, 2, 3 असे इंग्रजी अंक गृहीत धरतात, त्यामुळे ४.५ आणि १२.७५ असे देवनागरी अंक त्यांत सरळ बसत नाहीत. तिथे जुनी युक्ती उपयोगी पडते: पूर्णांकासाठी उजवीकडे लागणारा आणि अपूर्णांकासाठी डावीकडे लागणारा असे दोन स्तंभ घ्यावेत आणि त्यांच्यामध्ये स्तंभ-अंतराऐवजी टिंब ठेवावे. मग ओळ ‘४ & ५ \\’ अशी लिहिली की झाले.

चौकटीबद्दल माझे मत संदेशाच्या नेमके उलट आहे. तक्त्यांच्या रेघा आखण्यासाठीच्या सायमन फिअर यांच्या ‘बुकटॅब्स’ या लाटेकच्या जोडसंचाचे दोन नियम प्रसिद्ध आहेत: उभी रेघ कधीही नको, दुहेरी रेघ कधीही नको. ‘बुकटॅब्स’च्या आडव्या रेघांच्या वर-खाली मोकळी जागा असते, म्हणून त्यांच्या जोडीला उभ्या रेघा घातल्या की त्या तुटक दिसतात, आणि हेच पाहून चौकट धड आखता येत नाही असा समज झाला असावा. शिवाय देवनागरीत प्रत्येक शब्द स्वतःची शिरोरेघ घेऊन येतो. लाटेकच्या साध्या आडव्या रेघेखाली, म्हणजे ‘एचलाइन’खाली, ‘वर्षी’ किंवा ‘कुटुंबे’ लिहिले, तर रफार, वेलांटी आणि अनुस्वार वरच्या रेघेला टेकतात. ओळींची उंची सुमारे १.३ पट केली आणि वर, शीर्षकाखाली व शेवटी अशा तीनच रेघा ठेवल्या, तर मराठी तक्ता वाचायला सुखद होतो.

चित्र चिकटवण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. त्यातला शब्द शोधता येत नाही, आणि मार्गदर्शकांनी एक आकडा बदलायला सांगितला की सगळे चित्र पुन्हा करावे लागते.

एका ठिकाणी मात्र संदेशाशी माझे भांडण नाही. उभे आणि आडवे खण एकत्र जोडलेला तक्ता लाटेकमध्ये जिकिरीचा होतो. ओळींची उंची कमी-जास्त असेल, तर जोडलेल्या खणातला मजकूर मध्यावर आणण्यासाठी हातानेच अंतर द्यावे लागते. असा तक्ता घेऊन कोणी आले की मी आधी त्यांच्याकडून तो वहीच्या पानावर काढून घेतो, आणि निम्म्या वेळा तिथेच त्याचे दोन साधे तक्ते होतात.