डेटाबेस म्हणजे मोठी एक्सेल शीट? राजेहो, जरा थांबा

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मले चार ग्रुपवर आला. तालुक्याच्या नोकरीच्या ग्रुपवर, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर, एका बियाणेवाल्याच्या ग्रुपवर, आणि भजनी मंडळाच्याही ग्रुपवर, तिथे काहून आला ते पांडुरंगालाच ठाऊक. मेसेज असा की पोट्टेहो, डीबीएमएसच्या (म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) क्लासात बापाचे पैसे घालू नका. कारणं पाच दिली आहेत. डेटाबेस म्हणजे फक्त मोठी एक्सेल शीट. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, ५० वर्षं जुनी, आता संपली. डेटाबेस बँकांना लागतो, गावात कोणाला लागत नाही. एआय सगळं लिहून देतो. आणि क्लाउडवर टाकलं की डेटा कधीच जात नाही.

खाली अंगठे पाहिले तर मोजता येत नाहीत. म्हणून लिहायला बसलो. मी काही इंजिनिअर नाही, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडचा माणूस, फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे आणि त्याआधी दोन हंगाम कापसाच्या एका जिनिंगच्या ऑफिसात ऑपरेटर होतो.

पहिल्या मुद्द्यावर जास्त बोलतो कारण बाकीची गडबड तिथूनच सुरू होते.

जिनिंगमध्ये आमचं सगळं एका शीटमध्ये होतं. नाव, गाव, काटा पावती नंबर, वजन, भाव, रक्कम, बँकेचा खाते नंबर. एक दिवस साहेबाले चुकाऱ्याची (शेतकऱ्यांना द्यायच्या पैशांची) यादी मोठ्या रकमेपासून लहान रकमेपर्यंत पाहिजे होती. ऑपरेटरने रकमेचा कॉलम धरला आणि सॉर्ट मारला, एक्सेलने विचारलं की बाजूचे कॉलम पण सोबत घेऊ का, तर गड्याने न वाचता "आहे तेवढंच" दाबलं. रकमा पेस्ट केलेल्या, फॉर्म्युले नव्हते, म्हणजे मागे काही पुरावाच नाही. नावं जागेवर राहिली, रकमा सगळ्या हलल्या. चार एकरवाल्याच्या नावापुढे बड्या कास्तकाराची रक्कम, आणि तीच फाईल बँकेत गेली. पुढचे तीन दिवस कोण कोण ऑफिसात येऊन काय काय बोललं ते इथं लिहिता येत नाही. तो ऑपरेटर म्हणजे मीच.

आता बोला, एक्सेल चुकलं का? नाही. मी सांगितलं ते त्यानं केलं. तेच तर दुखणं आहे, एक्सेल कोणालाच नाही म्हणत नाही. त्याच्यासाठी ती रक्कम, ते नाव, ती पावती ही एकमेकांशी बांधलेली नाहीतच, नुसती शेजारी शेजारी बसली आहेत. डेटाबेसमध्ये एक ओळ म्हणजे एक अख्खी नोंद, तिचा एकच कॉलम उचलून हलवा अशी कमांडच नसते. सॉर्ट करता येतं, पण ते तुम्हाला दाखवायच्या उत्तरात होतं, आत साठवलेलं जसंच्या तसं राहतं.

आणि डेटाबेस वेगळा, डीबीएमएस वेगळं, मेसेजवाल्याने दोन्ही एकाच पोत्यात भरलं. समजायला सोपं उदाहरण आपल्या गावातच आहे. तलाठ्याकडच्या नोंदवह्या म्हणजे डेटाबेस. आणि त्या वह्यांत कोणी, कधी, कोणत्या कागदावरून काय लिहायचं हे ठरवणारी जी सगळी व्यवस्था, तलाठी, मंडळ अधिकारी, नियम, ते म्हणजे डीबीएमएस. (आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असा निर्णय झालाय, पण पारावर अजून तलाठीच चालतो.) तुम्ही वावर विकत घेतलं म्हणून स्वतः पेन घेऊन सातबाऱ्यावर नाव लिहू शकता का? नाही ना. आधी गाव नमुना ६ मध्ये फेरफार पडते, नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि तेव्हा कुठे सातबाऱ्यावर अंमल येतो. मधे कोणी हरकत घेतली तर सातबारा होता तसाच. एक्सेल म्हणजे तीच वही पारावर उघडी ठेवून बाजूला पेन बांधून ठेवणं.

दुसरी गोष्ट नावाची. आमच्या यादीत गजानन नावाचे इतके जण होते की विचारू नका, शेगावच्या गजानन महाराजांवरच्या भक्तीचा परिणाम. त्यात एकाच माणसाचं नाव एका पावतीवर गजानन, दुसरीवर गजाननराव, तिसरीवर नुसतं गजु. बेरीज नावावरून करायची म्हटली तर एका माणसाचे तीन होतात आणि दोन वेगळ्या गजाननांचा एक. म्हणून डेटाबेसमध्ये शेतकऱ्याचं टेबल वेगळं, प्रत्येकाला एक नंबर जो दुसऱ्या कोणाला मिळतच नाही, त्याला प्रायमरी की म्हणतात. पावत्यांच्या टेबलात नाव लिहायचंच नाही, फक्त तो नंबर. त्याला तिथं फॉरेन की म्हणायचं, आणि तो नियम चालू असला की जो नंबर शेतकऱ्यांच्या टेबलात नाहीच त्याच्या नावाने पावती टाकायला गेलात तर डीबीएमएस घेतच नाही. नाव दुरुस्त करायचं तर एकाच जागी. आता फार्मर आयडी काढायला सगळ्यांना रांगेत उभं केलं, त्यामागेही हाच विचार आहे. सातबाऱ्यावर एक नाव, आठ-अ वर थोडं वेगळं, आधारवर तिसरंच, यापायी ज्यांनी चपला झिजवल्या त्यांना एकच गोष्ट चार जागी लिहिली की काय होतं हे मी सांगायची गरज नाही.

तिसरी गोष्ट, एक्सेल जास्तीचं शहाणपण करतं. गट नंबर १२/२ टाकून पाहा, त्याला वाटतं तारीख आहे, १२ फेब्रुवारी करून टाकतं. १६ आकडी खाते नंबर साधा आकडा म्हणून टाका, शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल फक्त १५ आकडे नीट धरतं. हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका, माणसाच्या जनुकांची काही नावं एक्सेल तारखा करून टाकत होतं म्हणून शेवटी २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकांचीच नावं बदलली. तेव्हा एक्सेल बदललं नाही, जनुकांची नावं बदलली! त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोरोनाच्या १५,८४१ पॉझिटिव्ह केसेस आठवडाभर यादीतून गायब राहिल्या, कारण डेटा जुन्या प्रकारच्या एक्सेल फाईलीत जात होता आणि तिच्यात ६५,५३६ च्या वर ओळी बसतच नाहीत. नव्या फाईलीत १०,४८,५७६ बसतात. पण खरा मुद्दा ओळी किती बसतात हा नाहीच, जास्तीच्या ओळी गळून पडल्या आणि कोणी ओरडलं नाही हा आहे.

कोणी म्हणेल की एक्सेलमध्येही नियम लावता येतात, डेटा व्हॅलिडेशन असतं. असतं. पण दुसरीकडून कॉपी करून त्याच्यावर पेस्ट मारा, नियम कुठं जातो ते पाहा.

गॅसचा हिशेब, लग्नाचा आहेर, बचत गटाच्या दहा बायांची वर्गणी यासाठी एक्सेल मस्त आहे, मी पण वापरतो. "मोठी शीट म्हणजे डेटाबेस" एवढंच मले मान्य नाही. आकाराचा संबंधच नाही. दोनशे ओळींचाही डेटाबेस असतो आणि दहा लाख ओळींची शीट ही शीटच राहते.

आता एसक्यूएल जुनी म्हणून संपली म्हणतात. जुनी आहे हे बरोबर. त्याच्याही आधी आयबीएम या अमेरिकन कॉम्प्युटर कंपनीची आयएमएस नावाची व्यवस्था होती, अपोलो मोहिमेतल्या रॉकेटच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला सुरू झालेली, त्यात डेटा झाडासारखा, खोडावरून फांदीवर, फांदीवरून पानावर, आणि वाट माहीत असल्याशिवाय पान सापडायचं नाही. १९७० मध्ये आयबीएममधल्याच एडगर कॉड यांनी मांडलं की डेटा साध्या टेबलांत ठेवा, ओळींच्या क्रमाला काही अर्थ देऊ नका, आणि माणसाने फक्त काय पाहिजे ते सांगावं, कसं शोधायचं ते मशीन पाहील. (क्रमाला अर्थ नाही! हे मले तेव्हा कोणी सांगितलं असतं तर ते तीन दिवस वाचले असते.) त्यावरून १९७४ च्या सुमारास आयबीएमच्याच चेंबरलिन आणि बॉइस यांनी ही एसक्यूएल भाषा बनवली, १९८६ मध्ये ती अमेरिकेत स्टँडर्ड झाली. तिफणही जुनीच आहे, ट्रॅक्टरमागचं पेरणी यंत्र तिचंच पोर आहे, कोणी म्हणत नाही की पेरणी संपली.

आणि गावात कोणाला लागत नाही म्हणता? भाऊ, ज्या अँड्रॉइड फोनवरून तुम्ही हा मेसेज पुढं ढकलला, त्या फोनात व्हॉट्सॲपचे मेसेज एसक्यूलाइट नावाच्या छोट्या डीबीएमएसच्या डेटाबेसमध्ये साठतात. म्हणजे "डेटाबेस कोणाला लागत नाही" हे वाक्य स्वतःच डेटाबेसमध्ये जाऊन बसलंय. फोनातले नंबरही तसेच. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये आणलेलं हे एसक्यूलाइट फुकट आहे, अख्खा डेटाबेस एका फाईलीत मावतो, माझ्या दुकानातल्या जुन्या डबड्यावरही चालतं. पोस्टग्रेस नावाचं मोठं डीबीएमएसही फुकट. क्लासवाल्यांबद्दल मात्र मेसेजशी थोडा सहमत आहे, तीन महिन्यांत नुसत्या व्याख्या पाठ करून घेतात आणि एक टेबल बनवायला लावत नाहीत, त्यांना पैसे देऊ नका.

बँकांनाच लागतो, यात अजून एक गोष्ट सुटते. आमच्याकडे चुकारा नोंदवायचा म्हणजे दोन कामं, पावतीसमोर "दिले" लिहायचं आणि रोकड खात्यातून रक्कम वजा करायची. पहिलं झालं आणि तेवढ्यात लाईन गेली तर? आपल्याकडे लाईन जाणं म्हणजे नवल नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. परत आल्यावर पावती म्हणते दिले, खातं म्हणते नाही दिले. डेटाबेसमध्ये ही दोन कामं एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधता येतात, झाली तर दोन्ही, नाही तर एकही नाही. कसं जमतं? बहुतेक डीबीएमएस काय बदलणार ते आधी एका वेगळ्या नोंदीत लिहितात आणि मग खऱ्या टेबलात बदलतात. लाईन आल्यावर ती नोंद वाचून अर्धवट राहिलेलं मागं घेतात आणि पूर्ण झालेलं पक्कं करतात. फेरफार आधी, सातबारा नंतर, तेच सूत्र. दोन जणांनी एकाच वेळी एकच शीट उघडायची सोय आता ऑनलाइन शीटमध्ये आहे, मान्य, पण ही दोन कामं मिळून एकच काम आहे हे तिला कोण सांगणार?

एआयचा मुद्दा. हा मले सगळ्यात पटण्यासारखा वाटला होता म्हणून करून पाहिला. तीन टेबलं बनवली, शेतकरी, वजनं, उचल. एआयले म्हटलं प्रत्येक शेतकऱ्याचं एकूण वजन आणि एकूण उचल काढून दे. त्यानं दोन सेकंदांत तिन्ही टेबलं जोडून क्वेरी (एसक्यूएलमध्ये लिहिलेला प्रश्न) दिली, चालवली, एरर नाही, उत्तर एकदम देखणं. एका शेतकऱ्याने ८, १० आणि ७ क्विंटल आणला होता, म्हणजे २५. उत्तरात ५०. उचल ५,००० आणि ३,००० घेतली होती, म्हणजे ८,०००. उत्तरात २४,०००. काहून? तीन वजनं आणि दोन उचली जोडल्या की प्रत्येक वजन प्रत्येक उचलीसोबत बसतं, सहा ओळी होतात, मग प्रत्येक वजन दोनदा मोजलं जातं आणि प्रत्येक उचल तीनदा. बरोबर रीत अशी की वजनाची बेरीज वेगळी, उचलीची वेगळी, आणि मग दोन्ही जोडायच्या. चूक दाखवल्यावर एआयने लगेच मान्य केली, दुरुस्तही करून दिली, नेहमीच चुकतो असंही नाही. पण ५० पाहून डोक्यात टिकटिक व्हायला जॉइन, म्हणजे टेबलं जोडणं, काय करतं हे माहीत पाहिजे. ज्याला माहीत नाही तो २४,००० उचल कापून घेईल आणि शेतकऱ्यालाच म्हणेल, "भाऊ, कॉम्प्युटर सांगून राह्यला, मी काय करू."

राहिलं क्लाउड. क्लाउड म्हणजे दुसऱ्याचं कॉम्प्युटर, आगीपासून वाचेल, तुमच्या हातापासून कसं वाचेल? डिलीट तुम्हीच मारलं तर क्लाउड ते इमानदारीने डिलीट करतं, आणि दुसऱ्या शहरातल्या कॉपीवरूनही करतं. ३१ जानेवारी २०१७ ला प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅबसारख्या कंपनीत एका इंजिनिअरच्या हातून चालू डेटाबेसच उडाला, आणि बॅकअपच्या रीती तपासायला गेले तर एकामागून एक बंद पडलेल्या निघाल्या. सुमारे सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. माझ्या दुकानाची फाईल रोज रात्री पेन ड्राइव्हवर उतरवतो आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहतो. मागच्या महिन्यात पाहिली तर पेन ड्राइव्हच मेलेला, कधीपासून काय माहीत. दीडशे रुपयांचा नवा आणला.